पाचाच्या बटणावरचा ठिपका

साडेसातला काउको आला, दाराशी बूट झटकून म्हणाला,
लाव रे, सुरू झालं असेल.
बाहेर उणे सव्वीस. काजानीचं तळं कधीच गोठलेलं,
आणि पडद्यावर, कुठल्याशा उबदार शहरात,
आमच्या जुन्या कंपनीचा नवा मुख्याधिकारी
पांढरे बूट घालून मंचावर फिरतोय.
फार चालतात हे लोक.
मी तीस वर्षं एकाच स्टुलावर काढली.

माझं काम बटणाचं.
दाबल्यावर बोटाला कळावं की दाबलं गेलं,
एवढंच.
पाऊण मिलिमीटर खोली, आणि तळाशी एक ‘टक्’.
तो ‘टक्’ ठरवायला अकरा महिने लागले.
काउकोला जरा मऊ हवा होता,
मला कोरडा, बर्फावर काठी टेकवावी तसा.
शेवटी माझा ठरला. काउको अजून मानत नाही.

आणि पाचावर एक ठिपका, मोहरीएवढाही नाही.
अंधारात, खिशात, हातमोज्यातून
अंगठ्याला तो सापडला
की बाकीचे नऊ आपापल्या जागी येऊन बसायचे.
हिशेबखात्याने विचारलं होतं, ठिपक्याला खर्च किती?
साच्यात एक खळगा, म्हटलं. फुकट.
फुकट म्हटल्यावर त्यांचा रसच गेला.

रासमुस एकलुंड सांगतोय,
आज आम्ही शेवटचं बटण काढून टाकलं.
टाळ्या.
म्हणतोय, याला धैर्य लागतं.
काउकोने कॉफी बशीत ओतली, फुंकली.
‘आमच्या वेळी याला भोक बुजवणं म्हणायचे.’
किंमत चौदाशे नव्व्याण्णव युरो.
चार्जर वेगळा, कारण पृथ्वीची काळजी.

नाही, जुन्या काळाचा पोवाडा मी गाणार नाही.
आधीचा साहेब कुठे संत होता?
कारखाना बंद केला त्या दिवशी
कॅन्टीनमध्ये सूपच्या पातेल्याशेजारी उभा राहून रडला.
मीच रुमाल दिला.
महिन्याभराने पेपरात आकडा आला,
जाताना त्याला काय मिळालं त्याचा.
काउकोने पाकिटामागे भागाकार मांडला :
एका थेंबाला किती.
रुमाल काही परत आला नाही.

आणि काचेचा फोन मीही घेतलाच की,
चोवीस हप्त्यांत.
फोटो झकास येतात. तुर्कूची नात रोज दिसते,
तिचा पडलेला दात दिसतो.
खोटं कशाला बोलू?

पण इल्टाच्या नजरेत मधोमध राखाडी डाग आहे.
समोरच्याला बघायचं तर ती त्याच्या कानाकडे बघते.
काच तिला सगळीकडे सारखीच गुळगुळीत.
गेल्या वर्षी टपालपेटीपाशी ती घसरली,
तेव्हा जुना फोन होता खिशात.
मोजा न काढता तिने पाच शोधला, दाबून धरला.
पाचावर मी होतो.

मग पत्र आलं : प्रिय ग्राहक,
आपल्या अधिक चांगल्या अनुभवासाठी
जुनं नेटवर्क मार्चअखेर बंद होत आहे.

तर मी काय केलं,
नव्या फोनच्या काचेवर, बरोबर पाचाच्या जागी,
सुईच्या टोकाने गोंदाचा एक थेंब ठेवला.
तीन थेंब वाया गेले, चौथा बसला.
हात अजून थरथरत नाही, हे काउकोलाही मान्य.

परवा रात्री फोन स्वतःहून सुधारला.
सकाळी सगळे आकडे एक ओळ वर सरकलेले,
जास्त मोकळं दिसावं म्हणून.
ठिपका आता आठावर आहे.

आठावर काउको.

म्हणून तर तो आज आला.
इल्टाने दुपारी मला विचारायला फोन केला
की येताना यीस्ट आणशील का,
आणि हा बर्फातून तीन किलोमीटर चालत
यीस्ट घेऊन दारात.

पडद्यावर अजून टाळ्या चालू आहेत.
इल्टा काउकोच्या कानाकडे बघत हसते,
आणि तो मला म्हणतो,
तरी सांगतो, जरा मऊच हवा होता.